मोकळं पाणी

पितांबर पाटील उकळत्या रसाकडे कधी पाठ करत नसे. गुऱ्हाळावर कोणी हाक मारली तर तो मान वळवायचा, अंग नाही. कळसाडीत त्याची शेती होती, बहुतेक कापूस आणि थोडा ऊस. पण आसपासच्या गावांत तो पाटील म्हणून कमी आणि गुळव्या म्हणून जास्त माहीत होता. ऊस तोडणीला आला की त्याला बोलावणं यायचं. चरकातून निघालेला रस मोठ्या लोखंडी काहिलीत पडे, खाली चुलाण धडधडे, वर आलेली मळी काढली जाई, आणि रस दाट होत होत अशा जागी पोचे की आणखी ठेवला तर जळणार आणि आत्ताच उतरवला तर गूळ बसणार नाही. त्या दोन्हींच्या मधली जागा ओळखणं हे गुळव्याचं काम. मग काहिलीच्या कड्यांतून दोन बल्ल्या घालायच्या, चौघांनी ती उचलायची आणि शेजारच्या लाकडी वाफ्यात ओतायची.

त्याच्या डाव्या पावलावरची कातडी गुळगुळीत होती, केस नसलेली, ओल्या कागदासारखी. तरुणपणी अशीच काहील उचलताना त्याचा चुलतभाऊ मगन ओल्या चिपाडावरून घसरला. पडला नाही, नुसता गुडघा वाकला. तेवढ्यानं काहील वीतभर कलली आणि आतला सगळा रस मगनच्या कोपऱ्याकडे धावला. पितांबरच्या पायावर उडाला तो फक्त शिंतोडा. मगन होळीपर्यंत जगला नाही.

‘आम्ही तिन्ही एकदम हलका व्हयनूत,’ पितांबर सांगायचा. ‘तेच वाईट. हात हलका व्हयना तवयच समजनं, सगळं वझं त्यानाकडे गयं.’

रस असं का करतो, याचा विचार त्यानं पुष्कळ केला असावा. ज्वारीचे दाणेही वाहतात. कणगीत ओतले की कणगीचे होतात, पोत्यात भरले की पोत्याचे. पण खळ्यात ओतले तर त्यांचा ढीग होतो. दाणा दाण्याच्या खांद्यावर पाय देऊन उभा राहतो. रसाचा ढीग होत नाही. रसाचा एक कण दुसऱ्याला चिकटलेला असतो, म्हणून तो वाफेसारखा उडून जात नाही. पण कोणी कोणाला पाय ठेवू देत नाही, जागा धरून बसत नाही, जो तो शेजाऱ्याच्या खालून सटकतो. सगळेच खाली जाऊ पाहतात, म्हणून शेवटी सगळे सपाट होतात आणि ज्या भांड्यात असतील त्या भांड्याच्या भिंती हाच त्यांचा आकार होतो. तोच रस आटवून, घोटून, साच्यात घालून निववला की कण जागच्या जागी धरले जातात. मग साचा काढला तरी ढेप उभी राहते. रसाला स्वतःचा आकार नसतो. गुळाला दुसऱ्याचा आकार कायमचा लागतो.

हे सगळं त्याच्या हातांना माहीत होतं. आणि तरीही त्या भाद्रपदात चूक त्याच्याच हातून झाली.

एकोणीसशे तीस नुकतंच मागे पडलं होतं. पितांबरचा मुलगा दोधू याचं लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते. सून सिंधुबाई तळोद्याकडची, पहिलटकरीण. दिवस भरायला अवकाश होता, म्हणून सासू जमनाबाईनं तिला स्वतःबरोबर मळ्यावरच्या झोपडीत नेलं होतं. कपाशीवर लक्ष ठेवायचं होतं आणि गावात त्या दिवसांत हगवण चालू होती. मळा गावापासून हाकेच्या अंतरावर, मध्ये फक्त एक नाला. एरवी बायका लुगडं थोडं वर धरून तो ओलांडत.

त्या दिवशी कळसाडीत पाऊस नव्हता, चांगलं ऊन होतं. पण वर कुठेतरी पडलेल्या पावसानं तापी भरली होती. तिनं तिला मिळणाऱ्या गोमाई नदीचं तोंड दाबलं, गोमाईनं नाल्याचं. पुढे जायला जागा नसली की पाणी मागे येतं, आणि मागे येताना कोणाचं शेत आहे ते पाहत नाही. सकाळी उठून पाहिलं तर नाल्याच्या जागी बैलबाजाराएवढं रुंद गढूळ पाणी पसरलं होतं. काठाला ते संथ दिसत होतं. मधोमध मात्र त्यात ओढ होती. तिथून एरंडाचं झाड मुळासकट गिरक्या घेत गेलं.

पलीकडच्या काठावर जमनाबाई उभी होती. तोंडाभोवती दोन्ही हात धरून ती ओरडत होती.

‘दोधू रे, सिंधूना पाय उना. एकच पाय. भुरीबाईले आन.’

आधी कोणाला कळलं नाही. मग दोधूच्या चेहऱ्याचा रंग गेला. सुनेचा पाय नव्हे. पोटातल्या मुलाचा.

भुरीबाई गावाबाहेरच्या भिल्लवस्तीतली सुईण. जाड, वयस्कर, तोंडानं फटकळ. पायाळू मूल फिरवून काढणारी अशी तिची ख्याती शहाद्यापर्यंत होती. दोधू तिला हाताला धरूनच घेऊन आला. काठावर येऊन तिनं आधी पाण्याकडे पाहिलंच नाही, जमनाबाईकडे पाहिलं.

‘ओढू नको,’ ती ओरडली. ‘कोनीच हात लावू नको. तिले कुशीवर निजाड. कळ उनी तरी जोर लावू देऊ नको. पोटवर हात ठेव. हालस का?’

जमनाबाई झोपडीत गेली आणि परत आली.

‘हालस. जीव शे.’

‘मंग येळ शे,’ भुरीबाई हलक्या आवाजात म्हणाली. ‘जास्त नही.’ आणि तेव्हा कुठे तिनं पाणी पाहिलं. ‘मले पोहता येस नही, पाटील. मी दगडनी जात.’

होडी होती ती प्रकाशा गावाला, तापीवर. भरल्या तापीतून होडी आणणं म्हणजे त्या दिवशी मरणच. तेव्हा पितांबरला काहील आठवली. पावसाळ्यात ती गोठ्यात पालथी पडलेली असे, गंजू नये म्हणून तेल फासलेली. पुरात काहिलीतून माणसं उतरवल्याचं त्यानं वडिलांकडून ऐकलं होतं. लोकांनी ती उचलून काठावर आणली. दोधूनं कमरेला सुतळी बांधली आणि पाण्यात उडी टाकली. धारेनं त्याला बराच खाली नेलं, पण तो पलीकडे निघाला. सुतळीच्या मागून मोटेचे नाडे, विहिरीवरचे ते जाड दोर, एकमेकांना गाठी मारून, पलीकडे ओढले गेले. तिकडे बाभळीला बांधले, इकडे चिंचेला. काहिलीत बसून हा ताणलेला नाडा हातानं ओढत ओढत पलीकडे जायचं, असा बेत. काहिलीच्या कडीला मागे आणखी एक दोर बांधला, काठावरच्या लोकांच्या हातात.

पितांबर आधी एकटा चढला. नाडा पकडायचा तर काहिलीच्या कडेलाच उभं राहावं लागत होतं, आणि तो कडेला सरकला की तीच कड खाली जायची. पाण्यापासून ती चार बोटंही वर राहत नव्हती. त्यात रिकामी काहील ताटलीसारखी गरगरत होती. तो मागे आला.

‘हलकी शे म्हनीसन नाची ऱ्हायनी,’ तो म्हणाला. ‘बुडमा भार पाहिजे.’

आणि त्यानं बादली मागवली.

त्याच्या डोक्यात काय होतं ते समजण्यासारखं आहे. चौघांनी उचललेली काहील कलते, कारण चार माणसं म्हणजे चार पाय. त्यांतला एक घसरू शकतो. पण चुलाणावर बसलेली भरली काहील कलत नाही, कारण तिला खालून सगळीकडून धरलेलं असतं. इतकी वर्षं त्यानं ती बसलेली पाहिली होती, भरलेली आणि निश्चल. नाल्याचं पाणीही तिला खालून सगळीकडून धरणारच होतं. मातीचं चुलाण आणि पाण्याचं चुलाण यांत फरक आहे, मातीचं चुलाण स्वतः हलत नाही, एवढी एकच गोष्ट त्या घाईत त्याच्या मनातून सुटली.

काहिलीत चार बोटं पाणी घातलं. ती खाली बसली आणि काठाच्या संथ पाण्यात म्हशीसारखी शांत झाली.

भुरीबाईनं कनवटीचं गाठोडं छातीशी धरलं, त्यात दोरा, तेल, पातं, जुनं धोतर. काहिलीत पाय ठेवून ती म्हणाली, ‘यामा मन्हा गूळ करतस का, पाटील?’

‘बठ माय. बराबर मधमा बठ. हालू नको.’

‘मी नही हालाव. तुन्ही काहील हालस.’

ती पाण्यातच फतकल मारून बसली. काठावर कोणीतरी हसलं. पितांबरनं नाडा धरला आणि ओढायला लागला.

काठापासून थोडं अंतर सगळं ठीक चाललं. मग धार लागली. धारेनं काहिलीला खालच्या अंगाला रेटलं, नाडा ताणला गेला, आणि पितांबरला वरच्या अंगाच्या कडेवर सगळं वजन टाकून ओढावं लागलं. कड जराशी कलली. दोन बोटं असेल. भुरीबाईच्या खाली चादरीसारखं पसरलेलं पाणी उठलं आणि त्याच्या पायांकडे चालत आलं.

त्याला ते घोट्याला लागलं. गार होतं. जिथं तो जड होता तिथंच ते येत होतं. ते आल्यामुळे ती बाजू आणखी जड झाली, ती जड झाल्यामुळे आणखी पाणी आलं. भार म्हणून जे घातलं होतं ते तोल सावरायला विरुद्ध बाजूला गेलं नाही. ज्या बाजूला बुडायचं होतं त्याच बाजूला मदतीला धावलं. हे कळायला त्याला एक श्वास लागला असेल. तेवढ्यात कडेवरून नाल्याचं पाणी आत आलं, आवाज न करता, आणि आतलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे सांगता येईना.

त्यानं नाडा न सोडता पाण्यात उडी टाकली, आपलं वजन तरी जावं म्हणून. काहील उलट बाजूला कलली. सगळं पाणी आता दुसऱ्या कडेकडे धावलं, तीही बुडाली आणि काहील भुरीबाईच्या खालून निघून गेली.

‘नाडा धर,’ तो ओरडला.

तिनं नाडा धरला नाही, पितांबरची मान धरली. दोघं एकदा खाली गेली. वर आल्यावर त्यानं तिचा एक हात ओढून नाड्यावर दाबला आणि तोंडात पाणी जात असताना तिच्या कानाशी एवढंच म्हणत राहिला, ‘सोडू नको, सोडू नको.’ काठावरची दोन माणसं नाड्याला धरत धरत आत आली आणि तिला बगलेत धरून बाहेर घेऊन गेली. काहील मागच्या दोरानं तळाच्या चिखलातून ओढून काढावी लागली. गाठोडं गेलं.

भुरीबाई काठावर ओणवी होऊन गढूळ पाणी ओकत होती. पलीकडे दोधू बाभळीला टेकून उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. जमनाबाई पुन्हा काठाशी आली.

‘दोधूना बाप, कोठे शे ती? दुसरा पाय बी उना. भुरीबाई कोठे शे?’

‘येस,’ पितांबर ओरडला. त्याचा आवाज अर्ध्या पाण्यातच विरला.

भुरीबाईनं तोंड पुसलं. ‘मले बुडाडं तू, मरू दे ते,’ ती म्हणाली. ‘पन तठे दोन जीव शेतस. आते काय करस?’

‘काहिलना कडवर भार पाहिजे. मी ज्या अंगले उभा राहसू त्याना समोरला अंगले.’

‘अन् पानी?’

‘पानी नही.’

लोकांनी पोत्यांत माती भरून पाहिली. पण भाद्रपदातली काळी माती अर्धी पाणीच असते. पोतं उचललं की तागाच्या विणीतून चिखल गळायचा आणि पोतं पिशवीसारखं एका बाजूला लोंबायचं. दगड शोधायचे तर डोंगराकडे जावं लागलं असतं. इकडे सगळी काळी सपाट जमीन. ज्वारी जमिनीखालच्या पेवात होती आणि पेवाचं तोंड पावसाळ्यात उघडत नाहीत. उन्हं खाली येऊ लागली होती. भुरीबाई पलीकडच्या झोपडीकडे पाहत होती आणि ओठांत काहीतरी मोजल्यासारखं पुटपुटत होती, कळा असाव्यात, तिला ऐकू न येणाऱ्या.

काठावरच्या लोकांत छत्री घेऊन सुमेरमल उभा होता. मारवाडी, वडिलांच्या वेळेपासून कळसाडीत दुकान. पितांबर त्याच्याकडे वळला.

‘शेठ, घासलेटना डबा कितला शेतस?’

‘शेतस की. कालदिनच भरी ठेयात,’ सुमेरमल म्हणाला, आणि मग त्याला प्रश्न समजला. ‘आबा, रस्ता बंद शे. हाई घासलेट पानीमा गयं तं पोळापासून दिवाळीलोंग गावमा दिवा लागाव नही. लोके मले शिव्या देतीन.’

‘पोळा होई गया, शेठ,’ कोणीतरी मागून म्हणालं.

‘मले माहीत शे कवय पोळा व्हयना ते.’ सुमेरमलनं छत्री मिटली. ‘चला. आना. उभा काय शेतस?’

पत्र्याचे चौकोनी डबे आले, तोंडं झाळून बंद केलेली. पितांबर ते काहिलीत लावायला लागला तशी भुरीबाई उठली. ओल्या लुगड्यानं, दातांवर दात वाजत, तिनं एकेक डबा दोन्ही हातांनी उचलून कानाशी धरला आणि हलवला. एका डब्यातून डुबुक आवाज आला.

‘हाऊ नको.’

‘तो फक्त किरकोळ विक्रीना शे, जरासा रिकामा,’ सुमेरमल म्हणाला.

‘जरासाच,’ ती म्हणाली. ‘त्या जरासामाच तर मी बुडनू.’ तिनं तो डबा बाजूला ठेवला.

काहील कोरडी पुसली. गच्च भरलेले डबे खालच्या अंगाच्या कडेला एकाला एक चिकटवून लावले, कड्यांना बांधले. भुरीबाई त्यांना पाठ टेकून बसली. मांडीवर तिनं पितळी लोटा घेतला.

‘एक थेंब बी मोकळा राहू देऊ नको,’ पितांबर म्हणाला.

‘तू ओढ. मले शिकाडू नको.’

कोणी हसलं नाही या वेळी.

तीच धार आली, तशीच. नाडा ताणला. पितांबर कडेवर रेलला आणि त्याला वाटलं, आता. पावलांनी तो पाण्याची वाट पाहत राहिला. कड खाली गेली, थांबली, हळूच परत वर आली. समोरच्या डब्यांत घासलेट होतं, पाण्याइतकंच पातळ, पाण्याइतकंच बेभरवशाचं, कोणत्याही उताराला शरण जाणारं. पण आत हलायला जागा नव्हती. डबा जिथं होता तिथंच ते होतं. वाहायची सगळी ओढ त्याच्यात तशीच होती आणि ती पत्र्याच्या चार भिंतींना नुसती टेकून बसली होती. कडेवरून शिंतोडे आत येत होते. भुरीबाई वाकून ते लोट्यानं, मग तळव्यानं, मग पदरानं टिपून बाहेर पिळत होती. तिचं तोंड चाललं होतं, शिव्या की देवाचं नाव ते कळत नव्हतं. मध्ये एक ओंडका आला. काहिलीला लागला, थडथडत सरकत गेला. डबे हलले नाहीत.

दोधूनं कमरेएवढ्या पाण्यात येऊन कडी धरली. भुरीबाई उतरली आणि चिखलातून, पडत उठत, झोपडीकडे गेली.

पितांबर बाहेर थांबला. सासऱ्यानं सुनेच्या बाळंतपणाच्या दाराशी जायचं नसतं. त्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडीत नसे. लग्न झाल्यापासून सिंधुबाईचा आवाज त्यानं भिंतीपलीकडूनच काय तो ऐकला होता, तोही जमनाबाईशी बोलताना. पदराचा काठ आणि ताट ठेवणारा हात एवढीच त्याची सुनेची ओळख. आता झोपडीतून जो आवाज येत होता तो कोणाचाच वाटत नव्हता. तो पाण्याकडे तोंड करून कपाशीच्या बांधावर बसला. दोधू थोड्या अंतरावर उभा.

भुरीबाईचा आवाज आला, ‘आते. आते लाव जोर.’ मग पुन्हा, अधिक खालून. मग सिंधुबाई एकदा मोठ्यानं ओरडली आणि थांबली.

त्यानंतर जे ऐकू यायला हवं होतं ते आलं नाही. चापट्यांचा आवाज आला, बारीक, ओल्या कातडीवरचा. फुंकल्याचा आवाज आला. पुन्हा चापट्या. पितांबर बांधावरची माती बोटांनी उकरत राहिला. बराच वेळ फुंकल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

भुरीबाई बाहेर आली तेव्हा सूर्य कपाशीच्या शेंड्यांना टेकला होता. तिनं हात धुवायला पाणी मागितलं. दोधूनं घागर कलती केली.

‘बाई वाची गई,’ ती म्हणाली. ‘रगत थांबनं. पोऱ्या नही ऱ्हायना.’

दोधूची घागर तशीच कललेली राहिली. पाणी तिच्या हातांवरून चिखलात पडत होतं.

‘पहिल्या खेपले तू अठे पोचती तं?’ त्यानं विचारलं.

भुरीबाई नखं घासत राहिली.

‘काहिलमा पानी कोन टाकं?’ दोधू म्हणाला. बापाकडे न पाहता. त्याला माहीत होतं. त्यानं पलीकडून बादल्या पाहिल्या होत्या.

‘मी,’ पितांबर म्हणाला.

‘मगनकाकानी गोट तुम्हीच सांगतस ना. जनमभर सांगतस.’

‘हा.’

‘मंग?’

 चुलाण, खालून धरणं, भार, यांतलं काही त्या वेळी तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. तो उठला. उठून कुठे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून उभाच राहिला. दोधू एक पाऊल पुढे आला. त्याच्या हातात अजून घागर होती आणि त्या हाताकडे पाहून भुरीबाई दोघांच्या मध्ये सरकली.

‘आबा.’

आवाज झोपडीतून आला. थकलेला, जाड, पण नीट ऐकू येणारा.  आत जमनाबाईनं ‘चूप राह’ असं काहीतरी म्हटलं.

‘आबा, तो सकायपाईनच हालना नव्हता,’ सिंधुबाई म्हणाली. ‘तुम्ही कवय बी येतात तरी तेच व्हतं.’

 दोधूनं घागर खाली ठेवली. तो झोपडीमागे जाऊन खड्डा खणायची कुदळ शोधू लागला. जमनाबाई दाराशी आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं, आणि पितांबरनं तिच्याकडे. सकाळी, ऊन चढायच्या आधी, याच बाईनं पोटावर हात ठेवून नाल्यापलीकडून ओरडून सांगितलं होतं, हालस, जीव शे. ते सगळ्या काठानं ऐकलं होतं. कदाचित जमनाबाईचा हात चुकला असेल. भीतीनं थरथरणाऱ्या हाताला काहीही हलताना लागतं. कदाचित नसेल. तिनं मान खाली घातली आणि चूल पेटवायला गेली; बाळंतिणीला काहीतरी ऊन द्यायला हवं होतं.

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. भुरीबाईला तोवर मळ्यावरच राहावं लागलं. डबे उतरवून सुमेरमलकडे पोचले, एकही फुटला नव्हता. नाला कमरेएवढा झाला तेव्हा पितांबर तिला हात धरून ओलांडून द्यायला गेला. मधोमध, जिथं काहील गेली होती त्या जागी, तो थांबला. पाणी आता साधं होतं, त्यांच्या पायांभोवती वळसे घालून पुढे जात होतं.

‘भुरीबाई, एक इचारू?’

‘इचारू नको.’

‘ती सांगस ते खरं शे का? सकायपाईन हालना नव्हता?’

भुरीबाईनं त्याच्या हातातला आपला हात सोडवला नाही. ती पुढच्या काठाकडे पाहत होती.

‘पोट तिन्हं व्हतं, पाटील,’ ती म्हणाली. ‘ती सांगस तेच खरं. तू तेच धरी ले, अन् चाल. मले थंडी वाजी ऱ्हायनी.’

पितांबरनं पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या आयुष्यात नंतर पुष्कळ वर्षं आली. त्या घरात सिंधुबाईची दोन मुलं वाढली, आणि ती त्याच्यासमोर पुन्हा कधी बोलली नाही, रीतच नव्हती. ताट ठेवणारा हात रोज येई. तो त्या हाताकडे पाही आणि जेवायला बसे, आणि विचारायचं ते रोज तिथंच राही.